पहिली कमीज जुन्या चादरीची



रमजानचा शेवटचा आठवडा आला, की शिंप्यांच्या दुकानांवर 'ऑर्डर घेणे बंद' अशी पाटी लागते. आत रात्री उशिरापर्यंत मशीनचा आवाज चालू असतो. ज्यांचे कापड शिंप्याकडे वेळेवर पोहोचले नाही, त्यांच्या घरातले मशीन मग कोपऱ्यातून पुढे ओढले जाते. कोणाकडून तरी नवा खाका मागून आणला जातो. नवे कापड जमिनीवर अंथरले जाते, त्यावर खाका ठेवला जातो आणि कात्री चालू लागते. कमीज तयार होते. चाँदरातीला ती अंगात घातली, की कळते, हात वरच होत नाही! किंवा गळा खांद्यावरून घसरतो. घरात सगळे एकमेकांकडे बघत राहतात. आता काय करायचे?

आता फारसे काही करता येत नाही, हेच खरे. चुकलेली शिवण उसवता येते, पुन्हा घालता येते. कापलेले कापड मात्र पुन्हा अखंड होत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की नव्या खाक्यावरची पहिली कमीज नव्या कापडाची शिवूच नये. ती जुन्या चादरीची शिवावी. ती अंगात घालून पाहावी, तिच्यातले दोष शोधावेत, खाका सुधारावा आणि मगच ईदच्या कापडाला कात्री लावावी. 'एवढा उद्योग कशाला?' असे तुम्ही म्हणाल. घरातली मोठी माणसेही असेच म्हणतात. त्यांच्या बोलण्याकडे आपण पुढे येऊच.

आधी खाका म्हणजे काय ते पाहू. कपड्याचा पुढचा भाग, मागचा भाग, बाही, गळ्याची पट्टी यांचे मापाने काढलेले कागदी आकार म्हणजे खाका. हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे. अस्तर म्हणा, उरेब पट्टी म्हणा, दोन्ही भाषांतल्या माणसांना कळते. शिंप्याच्या दुकानात मराठी आणि उर्दू एकाच बाकावर बसतात.

बाजारात मिळणारे तयार खाके तसे फार जुने नाहीत. अमेरिकेत १८५१ साली आयझॅक सिंगरने आपल्या शिलाई मशीनचे पेटंट घेतले. त्यानंतर बारा वर्षांनी, १८६३ मध्ये, तिथल्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने वेगवेगळ्या मापांचे कागदी खाके काढून विकायला सुरुवात केली. मशीन आणि खाका या दोन गोष्टी हाती आल्यावर घरच्या घरी नव्या तऱ्हेचे कपडे शिवणे सोपे झाले. सोय मोठी झाली, यात शंका नाही. पण त्या सोयीत एक अडचण लपलेली आहे. खाका काढणाऱ्याने तुम्हाला पाहिलेले नसते. 'छाती ३२ इंच' असे कागदावर लिहिलेले असते. परंतु ३२ इंच छातीच्या दोन मुली उभ्या केल्या, तर एकीचे खांदे रुंद असतील, दुसरीचे उतरते असतील. एकीची पाठ लांब, दुसरीची आखूड. कागदावर दोघी सारख्याच!

आपल्याकडच्या जुन्या कुर्त्याला ही अडचण फारशी नव्हती. जुन्या पद्धतीचा कुर्ता सरळ तुकड्यांचा असे. मधला भाग लांबट चौकोनी, बाह्या सरळ, बाजूंना तिरक्या कळ्या. बगलेत एक लहान चौकोनी तुकडा जोडलेला असे. त्याला चौबगला म्हणतात. त्या तुकड्यामुळे हात मोकळा फिरतो. असा कुर्ता अंगावर सैल बसतो, त्यामुळे इंच-दीड इंचाचा फरक पडला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. आजची कमीज तशी नाही. तिचा मुंढा, म्हणजे बाही जोडण्याची जागा, गोलाकार कापलेला असतो. कंबर आत घेतलेली असते. बाजूंना चाक असतात. जिथे गोलाई आली, तिथे अर्ध्या इंचाचीही किंमत आली.

आता प्रत्यक्ष कामाला लागू.

जुनी चादर घ्यावी. ती कित्येकदा धुतलेली असते, त्यामुळे ती आता आणखी आटत नाही. चादर नसेल तर मांजरपाट चालतो. भिवंडी, मालेगावसारख्या गावांत राहणाऱ्यांना यंत्रमागावरचे कोरे कापड ठाऊकच आहे. कटपीसच्या दुकानात असे तुकडे स्वस्तात मिळतात. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. चाचणीचे कापड खऱ्या कापडाच्या जातीचे हवे. ईदचे कापड जॉर्जेटचे असेल आणि तुम्ही चाचणी जाड, ताठ कापडावर घेतली, तर ती चाचणी तुम्हाला फसवील. जॉर्जेट खाली लोंबते, अंगाला चिकटते. ताठ कापड उभे राहते. अशा वेळी अम्मीची विरलेली जुनी ओढणी किंवा मऊ साडी शोधावी, आणि अर्थात, अम्मींना विचारूनच!

कापण्यापूर्वी खाक्याची तपासणी करावी. आजकाल पुष्कळ खाके संगणकावरून छापून घेतले जातात. छापताना आकार कागदात बसवण्यासाठी यंत्र तो थोडा लहान करते आणि आपल्याला ते कळतही नाही. शंभराला पंच्याण्णव इतकाच आकार आला, तर ३६ इंचाची छाती ३४.२ इंच होते. जवळजवळ दोन इंच गेले! म्हणून अशा खाक्यांवर बहुधा एक लहान चौकोन छापलेला असतो. त्याची बाजू किती असावी हे तिथेच लिहिलेले असते. पट्टीने तो चौकोन मोजा. माप जुळले तरच पुढे जा.

दुसरी तपासणी 'माये'ची. शिवणीच्या बाहेर जे जादा कापड सोडतात, त्याला मराठीत माया म्हणतात. माया म्हणजे जिव्हाळाही. शिंप्याच्या मराठीने कापडालाही जिव्हाळा दिला, हे मला फार आवडते. काही खाक्यांत माया धरलेली असते, काहींत नसते. माया नसलेल्या खाक्याला ती आहे असे समजून तुम्ही कापलेत, तर काय होईल? कमीजेच्या दोन बाजूंना मिळून कापडाच्या चार कडा असतात. प्रत्येक कडेला अर्धा इंच शिवणीत गेला, तर घेरात एकूण दोन इंच कमी पडतात. गणिताच्या तासाला हे उदाहरण कोणी घालत नाही, याचे मला नवल वाटते.

चाचणीच्या कमीजेत खांद्याला आणि बाजूंना एकेक इंच माया सोडावी. शिवण मात्र पेन्सिलीने आखलेल्या मूळ रेषेवरूनच घालावी. म्हणजे कुठे तंग झाले तर सैल करायला कापड शिल्लक राहते. छातीची रेषा, कंबरेची रेषा आणि उभ्या धाग्याची, म्हणजे ताण्याची, दिशा कापडावर पेनने सरळ काढावी. नव्या कापडावर असे रेघाट्या काढता येत नाहीत. जुन्या चादरीवर येतात. तिचा हाच मोठा उपयोग. गळा मात्र मुद्दाम लहान कापावा. लहान गळा मोठा करता येतो, मोठा गळा लहान होत नाही.

शिवण लांब टाक्याची घालावी, म्हणजे ती पटकन उसवता येते. गळ्याला पट्टी लावू नये, खालची घडी शिवू नये, काज-बटणांच्या भानगडीत पडू नये. बाहीसुद्धा एकच जोडली तरी पुरे. खांदे, बाजू आणि एक बाही एवढे झाले, की चाचणीची कमीज तयार.

आता ती अंगात घाला. आरशासमोर ताठ उभे राहून 'छान दिसते' म्हणू नका. कपडा उभे राहण्यासाठी नसतो. बाकावर बसून वहीत लिहा. वरच्या फळीवरचा डबा काढा. बसमध्ये दांडा धरावा तसा हात वर करा. जमिनीवर मांडी घालून बसा. रुकू आणि सजद्यात पाठीवर कापड ताणते का, ते पाहा. वाकल्यावर मागचा भाग वर सरकतो का? जिना चढताना चाकाजवळ कापड ओढते का? ही कमीज पुढे वर्षभर तुमच्याबरोबर हेच सगळे करणार आहे. मग चाचणीही त्याचीच घ्यायला नको का?

कपड्यावर पडणाऱ्या चुण्या आणि सुरकुत्या म्हणजे कपड्याची भाषा आहे. ती थोड्या सरावाने वाचता येते. छातीवर आडव्या रेषा ओढल्यासारख्या दिसल्या, तर तिथे कापड तंग आहे. उभ्या घड्या लोंबत असतील, तर तिथे कापड जास्त आहे. तिरक्या सुरकुत्या एखाद्या बिंदूकडे धावत असतील, तर दुखणे बहुधा त्या बिंदूपाशी असते. विणलेल्या कापडाच्या कमीजेला छातीच्या मापापेक्षा तीन-चार इंच सैलपणा लागतो. श्वास घ्यायला, हात फिरवायला तो हवाच. मापाइतकीच कमीज शिवली, तर ती अंगात जाईलही; पण तिच्यात श्वास घेता येणार नाही.

इथे एक गंमत सांगतो. हात वर करताना कमीज आवळली, की बहुतेकजण मुंढा आणखी खोल कापतात. जागा वाढली म्हणजे हात मोकळा होईल, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात पुष्कळदा उलटेच घडते. मुंढा जितका खाली जातो, तितकी बाही धडाला खालच्या बाजूने बांधली जाते. मग हात वर केला, की सगळी कमीजच वर उचलली जाते. मुंढा बगलेच्या जवळ असला, पण बगलेत रुतत नसला, तर हात सुटा फिरतो. हे नुसते सांगून पटत नाही. जुन्या चादरीच्या कमीजेत एकदा मुंढा खोल करून पाहा, लगेच पटेल. नव्या कापडावर हा प्रयोग करायला कोणाचे धाडस होईल?

बाहीचेही असेच. बाहीच्या वरच्या गोलाईची लांबी मुंढ्याच्या लांबीपेक्षा थोडी जास्त ठेवतात, साधारण एक इंचाच्या आसपास. तेवढे जादा कापड खांद्यावर हलकेच सामावून घ्यायचे असते. त्याहून जास्त असले, तर खांद्यावर चुण्या पडतात. टेप उभा धरून दोन्ही गोलाया मोजल्या, तर हा दोष कागदावरच सापडतो. एवढे करायला दोन मिनिटे लागतात. तरी ती कोणी देत नाही.

प्रत्येक दोष सापडला, की तो लिहून ठेवावा. 'डावा खांदा पाव इंच खाली', 'कंबर अर्धा इंच वर', अशा साध्या शब्दांत. चादरीवर जिथे टाचण्या लावल्या, तिथे पेनने खुणा कराव्यात आणि त्या खुणा कागदी खाक्यावर उतरवाव्यात. बदल मोठे असतील, तर पुन्हा एकदा चाचणी घ्यावी. नवे कापडही कापण्यापूर्वी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. तुम्ही कमीज कितीही बिनचूक शिवली, तरी न भिजवलेले कापड पुढे तिला आखूड करणारच.

आता घरातल्या आक्षेपांकडे वळू.

'कापड वाया जाते,' हा पहिला आक्षेप. पण जुन्या चादरीचे काय वाया गेले? तिचे पुढे पायपुसणेच व्हायचे होते. उलट बिघडलेल्या कमीजेत जाणारे अडीच मीटर नवे कापड कोणी हिशेबात धरत नाही. कापड महाग असते, तेव्हा माणूस आधी विचार करतो, मग कापतो. १५८० साली स्पेनमधल्या माद्रिद शहरात हुआन दे अल्सेगा या शिंप्याचे एक पुस्तक छापले गेले. कपड्यांचे तुकडे कापडाच्या लांबी-रुंदीत कसे मांडावेत, याच्या आकृत्या त्यात आहेत. त्या शिंप्याला कापडाची किंमत ठाऊक होती.

'वेळ जातो,' हा दुसरा आक्षेप. खरे आहे, वेळ जातो. एक संध्याकाळ जाते. पण चाँदरातीला रडत रडत उसवण्यात किती रात्री जातात?

तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे. 'बाजारातला शिंपी कुठे चादरीची कमीज शिवतो?' नाही शिवत. कारण त्याचा खाका शेकडो गिऱ्हाइकांच्या अंगावर आधीच तपासला गेलेला असतो. आणि तरीही शेरवानी किंवा कोट शिवताना तोच शिंपी कच्च्या धाग्याने टाके घालतो, तुम्हाला बोलावतो, ती अंगावर चढवून खडूने खुणा करतो आणि मगच पक्की शिलाई मारतो. कारखान्यातही हजार कपडे कापण्यापूर्वी एक नमुना शिवून मंजूर करून घेतात. ज्यांचे पोट शिवणावर आहे, ती माणसे चाचणी घेतात. उतावळेपणा घरी नवख्या हातालाच सुचतो. 'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग' ही म्हण तुम्ही वाचली असेलच.

सगळीकडे चाचणी हवीच, असा माझा हट्ट नाही. नाड्याचा पायजमा, चुणीदार घागरा, सैल गाऊन यांना तिची गरज नाही. नानी जुनी कमीज कापडावर ठेवून तिच्याभोवती कापतात, तीही उत्तम पद्धत आहे. ती जुनी कमीज म्हणजे वर्षभर अंगावर तपासलेला खाकाच. पण नानींची युक्ती त्याच तऱ्हेच्या कमीजेपुरती चालते. नवी तऱ्हा आली, की पुन्हा चादर आली.

ज्यांना स्वतः खाका काढता येतो, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायची राहिली. आपण काढलेला खाका आपल्यालाच बरोबर वाटतो. कारण कुठे काय लिहायचे राहिले, ते आपल्या डोक्यात असते, कागदावर नसते. म्हणून खाका दुसऱ्याच्या हाती द्यावा आणि गप्प बसावे. ती व्यक्ती कुठे अडते, ते पाहावे. खाके विकणारे लोक असेच करतात. विक्रीपूर्वी ते वेगवेगळ्या मापांच्या, घरी शिवणाऱ्या बायकांकडे खाका पाठवतात. त्या तो शिवतात, फोटो आणि दोष कळवतात. पुष्कळदा या कामाचा मोबदला म्हणून त्यांना फक्त तो खाका मिळतो. कापड त्यांचे, दोरा त्यांचा, वेळही त्यांचाच. मला हे पटत नाही. दुसऱ्याची चूक शोधून देणे हे कष्टाचे काम आहे, आणि निदान कापडाचे पैसे तरी मिळायला हवेत. घरातही खालाजान आपला नवा खाका भाचीला 'जरा शिवून बघ' म्हणून देतात, तेव्हा त्या 'जरा'मध्ये भाचीचा अख्खा रविवार जातो. तो रविवार मोजला पाहिजे.

तपासणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे. खालाजानना वाईट वाटेल म्हणून 'खूप छान झाला' असे भाचीने म्हटले, तर तिने खालाजानचे नुकसानच केले. 'मागचा गळा पाठीवर उघडा राहतो, पाऊण इंच वर घ्या' असे सांगणे जास्त प्रेमाचे.

आणि मुलांनो, हे सगळे मुलींसाठी आहे असे समजून पान उलटू नका. बाजारात मशीनवर बसलेले शिंपी पाहा. बहुतेक पुरुषच असतात. पैसे मिळतात तिथे शिवण पुरुषाचे काम होते आणि घरात फुकट करायचे असते तिथे ते बहिणीचे होते, हा न्याय कुठला? आपल्या कुर्त्याची चाचणी तुम्हीही घेऊ शकता. टाचणी मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखीच टोचते.

इंग्रजी बोलणाऱ्या अमेरिकेत चाचणीच्या कपड्याला मसलिन म्हणतात. हा शब्द इराकमधल्या मोसुल शहरावरून आला, आणि पुढे जगाने तो ढाक्याच्या अतिशय तलम मलमलीला लावला. बादशहांच्या अंगावरच्या कापडाचे नाव आज सर्वांत स्वस्त, कोऱ्या कापडाला मिळाले आहे! कॅलिको हे असेच दुसरे नाव. ते आपल्या केरळमधल्या कालिकतवरून पडले.

चाचणी संपली, की चादरीची कमीज टाकून देऊ नका. तिच्या शिवणी उसवा, तुकडे इस्त्री करून सरळ करा. कागद फाटतो, कापडाचा खाका टिकतो. प्रत्येक तुकड्यावर 'पुढचा', 'मागचा', 'बाही' असे लिहा आणि खाली तारीख घाला. सगळे तुकडे गुंडाळून एका पिशवीत ठेवा. पुढच्या वर्षी पिशवी उघडाल, तेव्हा ती तारीख वाचा आणि टेप घेऊन बाहीची लांबी पुन्हा मोजा. तुकडे तेवढेच राहिले असतील. तुम्ही मात्र वाढलेले असाल.